दहाची मोळी

दुसरीच्या पोरांना दशक शिकवण्यात वनमालाबाईंची अकरा वर्षं गेली होती, पण सायलीनं त्यांना घायकुतीला आणलं. तुरीच्या दहा काड्या मोजायच्या, त्यांना रबर लावायचं, झाला एक दशक. इतकी साधी गोष्ट. सायली मात्र मुठीत येतील तेवढ्या काड्या उचलायची, रबर चढवायची आणि गठ्ठा झाला म्हणून मोकळी व्हायची. त्यात कधी तेरा निघत, कधी नऊ. महिनाभर बाईंनी घसा कोरडा केला, पण पोरगी हलायला तयार नव्हती.

आणि वेळ तर थोडाच उरला होता. दिवाळी झाली की गावात ट्रक येतात, आईबाप ऊसतोडीला निघतात आणि पोरंही त्यांच्याबरोबर जातात. सायलीची अर्धी पहिली अशीच उसाच्या फडावर धाकट्या भावाला सांभाळण्यात गेली होती. यंदा बाई तिच्या बापाला, बजरंगला, घरी जाऊन भेटल्या. त्यानं सरळ सांगितलं, पोरगी खरंच शिकत असेल तर आजीपाशी ठेवतो, शाळेत नुसती बसून येत असेल तर फडावर भाऊ तरी सांभाळेल. बोलणं चोख होतं. बाईंनी मग बाकी सगळं बाजूला ठेवलं आणि या एका पोरीच्या दशकामागं हात धुऊन लागल्या.

शेवटी एके दिवशी त्यांनी रागावायचं सोडून तिला विचारलं, की बाई गं, तुझ्या मते गठ्ठा केवढा असतो?

"डोक्यावर पेलंल येवढा," सायली म्हणाली.

बाईंचा राग कुठल्या कुठं गेला. पोरगी चुकत नव्हतीच. तिनं जन्मापासून उसाच्या मोळ्या पाहिल्या होत्या. बापाची मोळी मोठी, आईची त्याहून लहान. मोळीतले ऊस कधी कुणी मोजत नाही. महिनाभर आपण हिच्यावर उगाच ओरडलो, याची बाईंना मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेच्या अंगणातच फड मांडला. खडूनं ट्रक काढला आणि सांगितलं, की याचा ड्रायव्हर भारी खडूस आहे, दहाचीच मोळी घेतो, एक काडी कमी नाही की जास्त नाही. सायली खुदकन हसली आणि खाली बसून मोजून मोळ्या बांधायला लागली. त्या दिवसापासून पोरीला मोजण्याचं वेडच लागलं. शाळेच्या फरश्या मोजून झाल्या, चिंचोके झाले, आजीच्या गोवऱ्या झाल्या. "सात मोळ्या आन चार, चौऱ्याहत्तर," असं ती येता-जाता बडबडायची. बाईंना इतका आनंद झाला, की त्यांनी आपण होऊन बजरंगला शाळेत बोलावून घेतलं.

तो ओसरीवर उकिडवा बसला. सायलीनं त्याच्यापुढं काड्या मांडल्या, बांधल्या, मोजल्या. बजरंगचा चेहरा उजळत गेला. बाईंना वाटलं, आपण जिंकलो.

"मॅडम, लई उपकार झाले तुमचे," तो म्हणाला. "ट्रक भरताना टोळीत रोज तंटा हाय. कुनी किती मोळ्या टाकल्या त्याचा मेळच लागत न्हाई. मान मोडस्तोर वाहून बी आमच्याच कमी भरत्यात. आता ही गाडीपाशी हुबी ऱ्हाईल आन मोजंल."

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांनी आजीचं नाव काढलं, शाळेतल्या जेवणाचं सांगितलं, पुढचे वर्ग सांगितले. बजरंगनं सगळं मान खाली घालून अदबीनं ऐकून घेतलं. धाकट्याला आई बघेल म्हणाला, पण मोजायला दुसरं कोण आहे? त्याच्यावर चिडावं तर तेही जमेना. मग बाईंनी अकरा वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. त्या पोरीदेखत खोटं बोलल्या.

"बजरंगभाऊ, ती अजून कच्ची आहे. चुकते. तुमचा मेळ आणखी बिघडवेल. यंदा शाळेत राहू द्या, पक्की होईल."

सायलीनं झटकन वर पाहिलं. तिचं तोंड एवढंसं झालं. आपलं काय चुकलं, हे तिला कळेना.

बजरंगनं तिला जवळ ओढलं. दहा-दहाच्या आठ खेपा झाल्या आणि वर सात मोळ्या, तर किती, असं त्यानं विचारलं.

चुकावी, एवढी एकदा चुकावी, असं बाई मनात म्हणत राहिल्या.

"सत्त्याऐंशी," सायली म्हणाली. बोटंसुद्धा मोजली नाहीत तिनं. "आन तेरा टाकल्या की शंभर."

बजरंग बाईंकडं बघून हसला. त्यात टोमणा नव्हता, नुसता आनंद होता. पोरगी मात्र बापाकडं बघतच नव्हती. ती बाईंपुढं येऊन उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते.

"बरोबर हाय ना, मॅडम?"

बाईंनी तिच्या हातातला काड्यांचा गठ्ठा घेतला. उगाच पुन्हा मोजला. दहाच होत्या.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या.