मी क्रोमचा हौद, पाण्याचा नव्हे

माझ्या तोंडाला वास येतो, तेवढा सोसा. मी बोईसरच्या एका कारखान्यातला क्रोमचा हौद. आतून शिशाचं अस्तर आणि त्यात विटकरी रंगाचं जहाल आम्ल. लोखंडी साचे माझ्यात बुडवायचे, वीज सोडायची, की क्रोमचा मुलामा चढून ते चकचकीत निघायचे. लोक त्यांत तोंड पाहायचे आणि माझ्याजवळ आले की नाक दाबायचे.

मलाही माझी किळसच यायची. साचे धुतलेलं पिवळं पाणी मागच्या नाल्यात जायचं. मूळची मासवणची कामगार ठकी साचे आकड्यांना टांगायची. तिच्या बोटांना खोल जखमा पडल्या, त्या भरेनातच. शेठ म्हणायचा, "हळद लाव."

त्र्याण्णव साली शेठने नवं यंत्र आणलं. बंद पोलादी कोठी. आतली हवा ओढून घ्यायची, धातूची वाफ करायची, ती साच्यावर बसायची. केसाहून कितीतरी पातळ, सोनेरी थर. पण माझ्या जाड मुलाम्याहून जास्त टिकायचा. ना आम्ल, ना घाण पाणी. मला मत्सर वाटला नाही. सुटलो, असंच वाटलं.

कुठला सुटतोय! शेठने मला उपसून कामगार पंढरीला देऊन टाकलं. "साबणाने धू. पाणी साठवायला झकास!"

पंढरी राहायचा त्या सरावलीत नळाला दिवसाआड पाणी. पंढरीच्या बायकोने, सुगंधाने, मला घासघासून काठोकाठ भरलं. अस्तराच्या चिरांतून जुनं आम्ल झिरपत होतं. पाणी पिवळसर झालं. ती पोरीसाठी तांब्या बुडवणार, तोच शेजारची ठकी धावत आली.

"वयनी, नको! ह्यो आमचा क्रोमचा हौद हाय."

"तीनदा घासलाय गं."

"माजी बोटं बघ. ही घासून बरी व्हतील काय?"

सुगंधा त्या बोटांकडे बघतच राहिली. पंढरी पुढे झाला. "शेठने फुकट दिलाय!"

"टाकायला जागा नाय, म्हनून दिलाय," ठकी म्हणाली.

सुगंधाने पाणी गटारात ओतलं. मग कोपऱ्यातली पहार स्वतःच उचलली. आम्लाने खाल्लेला माझ्या बुडाचा पत्रा दुसऱ्याच घावाला फाटला.

आता मी चाळीमागे आडवा पडलोय. भंगारवाले येतात, बूड सांधून विकता येईल का, ते चाचपतात. बाबांनो, सांधू नका. माझ्यात कुणी पाणी भरणार, या नुसत्या विचारानेच मला ओकारी येते.