मठारलेले बॉनेट

मित्रांनो, मी एक जुना हातोडा आहे. पण खिळे ठोकणाऱ्यांत माझी गणना करू नका, मला राग येतो. मी मठारणारा हातोडा. तांब्यापितळेची घागर घडून झाली, की तिच्या अंगभर शेजारी शेजारी बारीक ठोके मारतात. त्याला मठारणे म्हणतात. त्याने भांडे मजबूत होते आणि उन्हात ठोका न् ठोका चमकतो. हे काम मी लातूरजवळच्या मुरुडात, ग्यानोबा तांबटाकडे करत असे.

मुरुडच्या बाया घागर घ्यायला आल्या, की आधी तिच्यावरून हात फिरवायच्या. बोटांना ठोके लागले तरच घागर घरी जायची. नाही लागले, तर "ही यंत्राची हाय" म्हणून नाक मुरडून परत ठेवायच्या. आता माझा तोरा वाढेल की नाही, तुम्हीच सांगा. ग्यानोबाची बायको सरजाबाई तर भर बाजारात सांगायची, "डोळं झाकून हात लावा. आमच्या मालकाचा हात लगेच वळखू येतो."

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. आडातच पाणी नाही, तर नवी घागर कोण घेणार? उलट लोक घरातली भांडी मोडीत काढू लागले. आम्ही घडवलेल्या घागरी चेपून पोत्यात भरल्या जात होत्या, ते मला बघवले नाही. सरजाबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली आणि ग्यानोबा मला पिशवीत घालून नांदेडला निघाला.

नांदेडबाहेर माधवराव नावाच्या इंजिनिअरांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लांबलचक शेड. तिथे दोन माणसांपुरत्या, बुटक्या, वाऱ्यासारख्या पळणाऱ्या मोटारी हाताने बनत आणि हैदराबादच्या हौशी लोकांकडे जात. एका मोटारीला सहा-सहा महिने लागत. ग्यानोबाची कारागिरी पाहून माधवरावांनी त्याला बॉनेट घडवायला दिले, म्हणजे इंजिनावरचे झाकण. म्हणाले, "गिऱ्हाइकाला हे पसंत पडलं, की तू इथं कायमचा. शेडमागची खोली तुझी. बायकोला घेऊन ये."

तेव्हापासून ग्यानोबाच्या डोक्यात ती खोलीच होती. सरजाबाईच्या हातातली खडी सुटावी, एवढेच त्याला हवे होते.

पण माझे काय? तिथे मान लाकडी हातोड्याचा! वाळू भरलेल्या चामड्याच्या पिशवीवर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा ठेवायचा, लाकडी हातोड्याने त्याला गोलाई आणायची, मग सपाट तोंडाच्या हातोड्याने असा गुळगुळीत करायचा, की ठोका औषधालाही सापडू नये. मी आपला पिशवीत गंजत पडलो. खोटे कशाला सांगू, माझा नुसता जळफळाट होत होता.

एका रविवारी कारखान्याला सुटी होती. सरजाबाई सकाळच्या एसटीने कारखाना पाहायला आली. ग्यानोबाने तिला मोटारीचे सांगाडे दाखवले, चाके दाखवली आणि शेवटी आपले बॉनेट दाखवले. तिने सवयीने डोळे झाकून त्यावरून हात फिरवला.

"अवो, ह्याच्यात तुमचा हात कुठं हाय?"

"आगं, समदं मीच करून राहिलो. तीन महिने हात बसवला, तवा जमलं."

"मग लागत कसा न्हाई? हे तर यंत्रातून काढल्यावाणी हाय."

ती सहज बोलली आणि गुरुद्वारा पाहायला निघून गेली. ग्यानोबाचे तोंड मात्र एवढेसे झाले. मग त्याने मला पिशवीतून बाहेर काढले आणि माझे तोंड घासून लख्ख केले.

मित्रांनो, त्या दुपारी मी जसा चाललो तसा आयुष्यात कधी चाललो नव्हतो. ओळीमागून ओळ, ठोक्याला ठोका लागून! संध्याकाळी सरजाबाई परतली, तेव्हा अख्खे बॉनेट मठारून झाले होते. "आता कसं! आता तुमी दिसाया लागले," ती हरखून म्हणाली.

सोमवारी सकाळी माधवराव आले आणि बॉनेटकडे पाहतच राहिले.

"ग्यानोबा, हे काय केलंस?"

"हाताचं काम हाय ना साहेब. दिसाया नगं?"

"अरे, मोटार आहे ही, घागर नाही!"

ते मटकन स्टुलावर बसले. बुधवारी गिऱ्हाईक येणार होते, रंग देण्याआधी पत्रा पाहायला. माझ्या ठोक्यांनी पत्रा ताणला होता, कडक झाला होता. ठोके मोडायला जावे तर तो फाटला असता. शेडमध्ये नवा पत्रा एकच उरला होता आणि हातात दोन दिवस.

"माझ्याच तोंडानं घात केला," सरजाबाई म्हणाली. रात्री ती तिथेच राहिली होती; तिने सकाळची परतीची एसटी सोडली, पदर खोचला आणि पत्र्याचे दुसरे टोक धरायला उभी राहिली.

मी कोपऱ्यातून पाहत होतो. ग्यानोबा ठोके मारी, थांबे, डोळे मिटून तळवा फिरवी, पुन्हा मारी. मंगळवारी दुपारी सरजाबाईला राहवले नाही.

"इथं कामून मारता? मला तर काहीच लागंना."

त्याने तिचे बोट धरून पत्र्यावर टेकवले. "इथं बघ. केसाएवढं वर हाय."

तिला ते लागले. त्याने अलगद दोन ठोके मारले. तिने पुन्हा तीच जागा चाचपली, चार बोटांनी शोधली, पण तिथे काही नव्हते. ती नवऱ्याच्या घामेजल्या तोंडाकडे पाहत राहिली.

"म्हंजे तुमी सोताला पुसून राहिले की वो!" असे म्हणताना तिचे डोळे भरून आले.

दिवस मावळायच्या आत बॉनेट पुरे झाले. सरजाबाईने त्यावरून सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला.

"काय लागतंय?" ग्यानोबाने भीत भीत विचारले.

"काहीच न्हाई," ती म्हणाली. "लई झ्याक झालं."

मित्रांनो, मी जन्मभर कौतुक ऐकले, पण ते सारे माझ्या ठोक्यांचे. 'काहीच नाही' हेही एवढे मोठे कौतुक असू शकते, हे मला त्या दिवशी कळले. बुधवारी गिऱ्हाइकाने बॉनेटवरून हात फिरवला आणि नुसती मान डोलावली. पुढच्या आठवड्यात सरजाबाईचा संसार शेडमागच्या खोलीत आला. ती पुन्हा खडी फोडायला गेली नाही.

दहा वर्षांनी लातूर जिल्हा झाला. नव्या कचेऱ्या आल्या, त्यांच्या जीपगाड्याही आल्या. ग्यानोबाने लातुरात स्वतःचे दुकान थाटले. चेपलेल्या जीपगाड्या तिथून अशा निघतात, की कुठे चेपल्या होत्या ते मालकालाही सांगता येत नाही. त्या कामात माझा उपयोग नाही. मी खोक्यात असतो. अधूनमधून कुणी तेलाचे बोट फिरवले, तर बरे वाटते. तुमच्याही घरी असे एखादे जुने हत्यार असेल, त्याला गंजू देऊ नका.

आणि एखाद्या गुळगुळीत वस्तूवर हात फिरवताना काहीच लागले नाही, तर 'यंत्राची' म्हणून मोकळे होऊ नका. जरा थांबा. कुणीतरी दोन दिवस उपाशीतापाशी उभे राहून तिथून आपला हात पुसला असेल.