टेहळ्याच्या पायाखालचा बर्फ

मी खालून बोलतेय. टेबलावर मांडतात त्या बोटभर शिपायांच्या पायाखाली जी गोल चकती असते ना, ती मी. जाणकार मंडळी मला बेस म्हणतात. आकाराने बाटलीच्या झाकणाहून जराशी मोठी, पण अंगावर अख्खा हिवाळा आहे. एक गोठलेलं डबकं, एक खडक, खडकाला लोंबणारे बर्फाचे काटे, आणि भुसभुशीत बर्फात उमटलेली बुटांची पावलं. बूट मात्र नाहीत. बूटवालाही नाही. त्याच्या जागी दोन बारीक भोकं आहेत.

माझं काम म्हणजे स्वस्थ बसणं. वर जो उभा राहील त्याला डुगडुगू द्यायचं नाही, एवढंच. आणि नेमकं तेच मला जमत नाही. दाराची कडी वाजली की वाटतं, आली. फोन वाजला की वाटतं, तिचाच. हातपाय नसले की सगळी चुळबुळ आतल्या आत करावी लागते, आणि ती फार दमवते हो.

जन्म तसा साधा. काळं प्लास्टिक, साच्यातून पडलेलं. एका पाकिटात माझ्यासारख्या ढीगभर होत्या. त्यातून मला उचललं या घरातल्या मुलीने. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवायचे आणि घरी येऊन शिपायांच्या कोटाची बटणं रंगवायची, असा तिचा दिवस. दुकानाच्या वरच्या खोलीत दर रविवारी टेबलं जोडून लुटुपुटूच्या लढाया चालत. खेळणारी सगळी चांगली मोठी, पोट सुटलेली, घरी पोरंबाळं असलेली माणसं. एकमेकांच्या शिपायांवरून हमरीतुमरीवर येत आणि मग एकत्र चहा पीत.

शिपाई ती रंगवायची. त्यांच्या पायाखालची जमीन मात्र बाबांची. बाबा फ्रीज दुरुस्त करतात. घराची पुढची खोली म्हणजेच त्यांचं दुकान. तिथे कायम दोन-चार फ्रीज दारं उघडी टाकून उभे असतात. बर्फाच्या लढाईची टूम निघाली तेव्हा तिने स्वतःच एक बेस करून पाहिला होता. बाबांनी तो हातात घेतला आणि नाक मुरडलं.

"हा बर्फ नव्हे गं ठमे, हा चुना आहे. भिंतीला लावतात तो."

"मग तुम्ही करून दाखवा."

त्यांनी करून दाखवला. तेव्हापासून जमिनीचं खातं त्यांच्याकडे गेलं.

माझ्यावर पहिल्यांदा बुचाचे तुकडे बसले, तो खडक. मग भिंतीच्या भेगा बुजवतात ती लांबी, वर वाळू, त्यावर काळपट निळा रंग. डबक्याच्या जागी बाबांनी रेझीन, म्हणजे काचेसारखं घट्ट होणारं रसायन, ओतलं, पण एकदम नाही. अर्धं ओतून सुकू दिलं, वरून सुईने वेड्यावाकड्या रेघा ओढल्या, रेघांत पांढरा रंग चोळून पुसून टाकला, आणि मग उरलेलं ओतलं. त्या रेघा आता बर्फाच्या पोटातल्या भेगा दिसतात. मध्यभागी त्यांनी मुद्दाम बुडबुडे राहू दिले.

"फ्रीजरच्या ट्रेमधला बर्फ बघ," ते तिला म्हणाले. "कडेला काचेसारखा, मध्ये दुधासारखा. हवा शेवटी मध्येच अडकते."

असं त्यांचं सगळं ज्ञान फ्रीजरमधलं. खऱ्या बर्फाशी त्यांची गाठ कधी पडलीच नव्हती. या गावात कोणाचीच पडत नाही.

आता मुख्य गोष्ट सांगते. मला बनवायला घेतलं तेव्हा घरात धांदल होती. मुलीला दूरच्या एका शहरात नोकरी लागली होती, जिथे खराखुरा बर्फ पडतो अशा ठिकाणी. निघायला थोडेच दिवस उरले होते. जायच्या आधी टेहळ्या पूर्ण करायचा, असं बापलेकीने ठरवलं होतं. टेहळ्या म्हणजे सैन्याच्या पुढे एकटाच जाऊन वाट बघून येणारा शिपाई. केसाळ टोपी, कपाळावर आडवा हात, नजर लांब. तिने त्याच्या मिशीवर सुद्धा दव गोठवलं होतं. मी त्याच्यासाठीच होते. त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच मी त्याच्यावर जीव टाकला, हे लपवून काय करू.

घाई होती म्हणून बर्फाची विकतची पावडर आणायला कोणाला सवड झाली नाही. बाबांनी स्वयंपाकघरातला खायचा सोडा घेतला, पांढऱ्या डिंकात कालवला, थेंबभर पांढरा रंग घातला आणि माझ्यावर थापला. वरून चहाच्या गाळणीने कोरडा सोडा भुरभुरवला.

"या घरात सोडा टिकेल तर शपथ," आई आतून म्हणाली. "आणि गाळणी धुवून ठेवा. काल चहात बर्फ आला होता."

"बाबा, सोडा पिवळा पडतो," मुलगी म्हणाली. "रविवारी खेळायला येणारे सगळे सांगतात."

"पडेल तेव्हा पडेल. तोवर तू येशीलच की. मग दोघं मिळून नवा करू."

टेहळ्याचे बूट पाण्यात बुडवून तिने ओल्या बर्फात एकेक पाऊल दाबलं. टाच खोल, चवडा उथळ, जसा माणूस दमून चालतो तसा. दोन पावलं मागे, आणि दोन जिथे तो उभा राहणार तिथे. त्या चार दाबांचा स्पर्श मला अजून आठवतो.

दुसऱ्या दिवशी बर्फ वाळला आणि तिने मला डोळ्यांसमोर धरून उलटंपालटं केलं.

"बाबा, हे काय? खडकाच्या खालच्या बाजूलाही बर्फ लावलाय?"

"मग? धरला की सगळीकडून धरतो."

"फ्रीजरमध्ये! बाहेर बर्फ वरून पडतो, बाबा. पावसासारखा. छपराखाली पाऊस पडतो का?"

"कडेकडेने येतोच ना थोडा आत."

"तुम्हाला ना, जिकडेतिकडे फ्रीजरच दिसतो."

बाबांनी हातातला चिमटा खाली ठेवला.

"दिसणारच. बर्फ मी आणखी कुठे बघितलाय?"

बर्फ तिनेही पाहिला नव्हता, जो काय तो चित्रांत. पण ती आता पाहणार होती आणि बाबा पाहणार नव्हते. इतके दिवस दोघंही या गोष्टीला वळसा घालून चालत होते, ती आता मधोमध येऊन बसली. तिने सुरी उचलली आणि माझ्या खडकाखालचा बर्फ खरवडायला लागली. जोरात. मला लागलं. तिलाही लागत होतं, हे तिच्या बोटांवरून मला कळत होतं. कोपऱ्यात आत, जिथे सुरीचं टोक पोचलं नाही, तिथे बर्फाची एक बारीक रेघ उरली. ती मी कोणाला दाखवली नाही.

ती कामाला गेल्यावर बाबांनी खरवडलेल्या जागी स्वतःच तपकिरी रंग लावला.

"बरोबर बोलली ती," ते आईला म्हणाले. "वरून पडतो. एवढं साधं कसं सुचलं नाही मला?"

"तुम्हाला नक्की बर्फाचं वाईट वाटतंय की तिच्या जाण्याचं, ते एकदा ठरवा," आई म्हणाली. "म्हणजे मला काय समजूत घालायची ते कळेल."

बाबांनी ठरवलं नाही. ब्रश धुवत बसले.

निघायच्या आदल्या संध्याकाळी टेहळ्या तयार झाला. दोन्ही पायांत बारीक तारा, माझ्यात तेवढीच दोन भोकं. तो माझ्यावर उभा राहिला आणि माझी पावलं त्याच्या बुटांखाली अशी बसली की केसही शिरला नसता. आयुष्यात तेवढा वेळ मी खरोखर स्वस्थ होते. तिने डिंकाची नळी उघडली.

"चिकटवू नकोस," बाबा म्हणाले.

"पडेल ना मग."

"तारेवर उभा राहतो की. त्याला तू ने. ही इथे राहू दे."

"अर्धाच नेऊ?"

"अख्खा दिला तर तिकडेच ठेवशील."

ती हसली, आणि हसता हसताच तिचा चेहरा बदलला. "बाबा, तुम्ही पण ना," एवढंच म्हणाली आणि बाहीने डोळे पुसले. मग टेहळ्याला कापसात गुंडाळून चष्म्याच्या डबीत ठेवलं. डबी मिटली त्याचा टक् आवाज झाला. त्या आवाजानंतर मी स्वस्थ बसलेली नाही.

माझं सोडा, बाबाही एका जागी बसत नव्हते. मला कपाटातून काढून खिडकीत ठेवायचे, तिथे ऊन लागेल म्हणून परत कपाटात. कॉम्प्रेसर खोलून बसलेले असताना मध्येच उठून माझ्यावरची धूळ फुंकायचे. एकदा अर्धा उघडलेला फ्रीज तसाच टाकून ते माझ्या डबक्यात बघत बसले. गिऱ्हाईक दारात ताटकळत होतं. आईने हाक मारली तेव्हा भानावर आले.

मग एक दिवस चष्म्याच्या दुकानाचा मालक आला. रविवारच्या लढायांचा म्होरक्या तोच. त्याला एका धनुर्धाऱ्यासाठी बर्फाचा बेस हवा होता.

"मिस्त्री, रिकामीच पडलीये ना ही? द्या की मला. तुम्ही काय, दुसरी कराल."

माझा जीव टांगणीला लागला. बाबा भिडस्त आहेत, त्यांच्या तोंडून नाही पटकन निघत नाही. "बघा, बसतो का," असं म्हणून त्यांनी मला पुढे केलं. धनुर्धारी माझ्यावर आला. पाय फताडे, उभा राहिला तो माझ्या पावलांच्या अर्धा बाहेर, दुसऱ्याच्या चपला घालून आलेल्या पाहुण्यासारखा. मालकाने त्याला इकडे फिरवला, तिकडे फिरवला.

"ही पावलं बुजवून टाकली तर बसेल," तो म्हणाला. "थोडा सोडा लावला की झालं."

बाबांनी मला त्याच्या हातातून घेतलं. हिसकावलं नाही, पण जवळजवळ तसंच. "नको. इथे रुमाल टाकलेला आहे," ते म्हणाले. "तुम्हाला दुसरी करून देतो, याहून चांगली." आणि दिलीही त्यांनी, खडकाखाली कोरडी ठेवून.

काल तिचा फोन आला. चित्र दिसतं तसला. बाबांनी फोन हातोडीला टेकवून बाकावर उभा केला, माझ्या शेजारीच. आई हात पुसत धावत आली. तिकडे सकाळ होती, आणि मुलीच्या मागे सगळं पांढरं होतं.

"बाबा! पडला! रात्रभर पडत होता!"

बाबांना काय विचारू नि काय नको असं झालं. मी देवासारखी गप्प, पण आतून नुसती उकळत होते.

"खडकाखाली असतो का गं?" त्यांनी शेवटी विचारलं.

"खडक नाहीये इथे, थांबा." चित्र हललं, बुटांचा करकर आवाज आला, श्वास ऐकू आला. "बाकाखाली बघतेय... नाही बाबा. कोरडं आहे खाली."

"बघ. तूच बरोबर होतीस."

"हो, पण एक सांगू? सकाळी दार उघडलं ना, तर वास ओळखीचा आला. आपल्या पुढच्या खोलीचा. तुम्ही जुना फ्रीजर उघडायचात तेव्हा यायचा, अगदी तस्सा. मी दारातच उभी राहिले. इथे कोणाला सांगू, बर्फाला आमच्या घराचा वास येतो म्हणून?"

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आई म्हणाली, "टोपी घाल गं, कान उघडे आहेत तुझे."

"आणि हा बघा कोण आलाय!" तिने चष्म्याची डबी उघडली. टेहळ्या! तशीच टोपी, कपाळावर तसाच हात. तिने त्याला बाकावरच्या खऱ्या बर्फात उभा केला. तो कलला. पुन्हा केला, तर कमरेपर्यंत रुतला. तिसऱ्यांदा तोंडावर पडला.

"उभाच राहत नाही हो हा इथे," ती म्हणाली. हसत म्हणाली, पण शेवटचा शब्द ओला होता. "एवढा बर्फ आहे, आणि याला उभं राहायला जागा नाही."

"कसा राहील?" बाबा म्हणाले. "त्याची भोकं इकडे आहेत."

मग आईने विचारलं, "कधी आणतेस त्याला घरी?"

"रजा मिळाली की, आई. बघते."

फोन बंद झाला. बाबांनी बारीक सुई घेतली, मला उजेडात धरलं आणि माझ्या दोन्ही भोकांतली धूळ हळूच काढली. मग डबक्याच्या काठावर त्यांची नजर थबकली. तिथे बर्फाचा रंग बदलायला लागलाय. त्यांनी बोट फिरवून बघितलं, दिव्याखाली धरून बघितलं, आणि मला कपाटात ठेवून दिलं.

म्हणून तुला सांगतेय, मुली. बाबा विचारशील तेव्हा सगळं ठीक आहे म्हणतील, आईही तेच म्हणेल. दोघांपैकी कोणी तुला हे कळवणार नाही. सोडा पिवळा पडायला लागलाय.