कपाटातली आग

खण्ण! हँगर खाली पडला आणि इतका वेळ जिवापाड धरून ठेवलेली शांतता फुटली. वाक्य वाया गेलं.

मी कपड्यांच्या कपाटात बसून बातम्या वाचते. चेष्टा नाही, नोकरी आहे. टीव्हीवर दृश्यं सरकत असताना मागून जो आवाज येतो, तो माझा. लेक झाली आणि स्टुडिओ सुटला; मग घरातच जागा शोधली. कपाटात जाड कोट आहेत, रजया आहेत, त्यामुळे आवाज घुमत नाही. भिंगरी, म्हणजे माझी लेक, वय पाच, पायाला चाकं, दुपारी झोपली की मी माइक घेऊन आत शिरते आणि दार ओढून घेते. हे लिहितेय तेही तिच्याच झोपेतून चोरलेल्या वेळात.

त्या दुपारी फोनवर मजकूर आला होता : 'ग्रंथालयाला आगीचा विळखा. हजारो पुस्तकांचं भवितव्य टांगणीला.'

ग्रंथालय आमच्याच रस्त्यावरचं. सकाळी बालवाडीतून येताना आम्ही मायलेकी तिथेच तर थांबलो होतो. मागच्या अंगणात रद्दीची खोकी पेटली होती. आग बेताची, धूर मात्र उदंड. ग्रंथपालबाईंनी बादलीभर पाणी ओतलं, खोकी फुसफुसली, संपलं. कुंपण भिंगरीपेक्षा उंच, त्यामुळे तिला नुसता धूरच दिसला. "आई, धुराला शेपूट आहे," ती म्हणाली होती.

मी वाहिनीच्या बातम्यांच्या डेस्कवर फोन लावला. तिथल्या साहेबांना आम्ही सगळे माघारी 'ताबडतोब' म्हणतो, कारण त्यांना सगळं ताबडतोबच हवं असतं.

"सर, मी होते तिथे. नुसती खोकी जळली."

"ग्रंथालयाचीच ना खोकी?"

"हो, पण..."

"आणि भवितव्य टांगणीला म्हटलंय. जळून खाक म्हटलंय का कुठे? यातला एक शब्द खोटा काढून दाखवा, मी बदलतो. नाहीतर पाठवा. ताबडतोब."

मला एकही शब्द काढता येईना. एकेक जण आपापल्या जागी साळसूदपणे बसला होता. मी पुन्हा दार ओढलं, आवाज खाली नेला, 'विळखा'वर किंचित थांबले. आणि तिथे अंधारात, कोटांच्या मध्ये, मला ग्रंथालयाच्या खिडक्या लाल झालेल्या दिसल्या. अंगावर काटा आला. वाचन उत्तम झालं.

संध्याकाळी बातमी लागली. कुणाच्या तरी फोनमधलं खोक्यांचं दृश्य इतकं जवळून दाखवत होते, की पडदाभर नुसत्या ज्वाळा. तेच ते, पुन्हा पुन्हा. सासूबाई चष्मा सावरत म्हणाल्या, "मी पाहिल्या ना या ज्वाळा. आपल्या गॅलरीतून."

"अहो आई, आपली गॅलरी पलीकडच्या बाजूला आहे."

"हातच्या कांकणाला आरसा कशाला? डोळ्यांनी पाहिलंय मी. आणि तूच तर सांगतेयस, ऐक!" त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. म्हणजे माझाच. एरवी घरात तो वाढलेला त्यांना खपत नाही.

भिंगरी टीव्हीला नाक लावून बघत होती. तिला झोपवायला गेले तर उशीखाली काहीतरी टणक लागलं. ग्रंथालयातून आणलेलं देवमाशाचं पुस्तक.

"हे परत नाही द्यायचं. शेवटचं आहे. बाकीची जळली."

"नाही गं राणी. आपण बघितलं ना, नुसता धूर होता."

"आग होती. खिडकीतून येत होती, लाल लाल. मी पाहिली."

"मी तुझ्याजवळच होते ना? आईवर विश्वास नाही?"

"आहे ना. टीव्हीतल्या आईनेच सांगितलं."

घ्या! माझ्याविरुद्ध साक्षीला मीच.

रागवायचं तरी कुणावर? डोळे मिटले तर मलाही धूर आठवेना. न पाहिलेल्या लाल खिडक्याच समोर येत होत्या. समुद्र मी अजून पाहिलेला नाही. पण लहानपणी एका पुस्तकात तो असा काही वाचला, की आजही त्याचं नाव निघालं तर ओठ खारट लागतात. देवमाशाची गोष्ट वाचताना मासा पाण्याखाली गेला की भिंगरी श्वास धरते, वर आला की सोडते. किती हरखायचे मी! एवढ्याशा काळ्या अक्षरांतून एवढं धूड या चिमुकल्या डोक्यात शिरतं तरी कसं? ते दार मीच उघडलं होतं, रोज थोडं थोडं, तिला मांडीवर घेऊन. त्याच दारातून आता आग आत आली होती. दार लावून घ्यावं, तर मासाही बाहेरच राहणार.

पण ते धुराचं शेपूट तिचं होतं. तिने, तिच्या डोळ्यांनी पाहिलेलं. माझ्या आवाजाने ते हिसकावून घ्यावं, हे मला सोसवेना. ते मला तिला परत द्यायचं होतं.

सकाळी तिला घेऊन ग्रंथालयात गेले. पुस्तक तिने पोटाशी घट्ट धरलेलं.

"या, या, राख तुडवत या," ग्रंथपालबाई दारातच म्हणाल्या. "सकाळपासून सांत्वनाला रीघ लागलीय. एकाने विचारलं, तुम्ही कशा वाचलात? म्हटलं, नेहमीसारखी. चष्मा लावून." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "पण काय वाचत होती हो ती बातमीवाली! मी इथेच, या खुर्चीत बसून ऐकलं, आणि उठून आतल्या मांडण्या बघून आले."

"ती मीच," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग भिंगरीने पोटाशी धरलेल्या पुस्तकाकडे. "आत न्या तिला," एवढंच म्हणाल्या. "सगळ्याला हात लावून बघू दे."

भिंगरीने हात लावून बघितलं. पुस्तकांच्या पाठींवरून बोटं फिरवत ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. एक पुस्तक काढून हुंगलं. खिडकीच्या काचेला गाल टेकवला. काच गार होती. बाहेर अंगणात ओल्या राखेचा काळा डाग, बास. शेवटी तिने देवमाशाचं पुस्तक त्याच्या रिकाम्या फटीत सरकवलं. ते अलगद बसलं.

माझा जीव भांड्यात पडला. "बघ. काही जळलं नाही. हो ना?"

"हो," ती म्हणाली. अगदी मनापासून.

पण ती खिडकीपुढून हलेना. चेहऱ्यावर हट्ट नव्हता, भीतीही नव्हती. देवमासा पाण्याखाली जातो, तेव्हा असतो तसा तो चेहरा होता.

"आई, मग मी पाहिली ती आग कुठे लागली होती?"