उतरता धूर

भारतीने दाराखालच्या फटीत गोणपाट कोंबलं, पायाने दाबलं आणि क्षणभर दाराला पाठ लावून उभी राहिली. तरी धूर आत आलाच. दिवस नुकताच डोंगराआड गेला होता. वारा पडलेला असला की अशा वेळी वरच्या उतारावरून गारठा पाण्यासारखा ओघळत खाली येई आणि ओढ्याकाठच्या या खोलगटात साचून राही. धूर त्याच्याच सोबतीने येई.

सहादू भिंतीला टेकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसला होता. उभी उमर खडी क्रशरच्या धुळीत गेलेली. आता श्वास आत ओढायचा तर नवऱ्याचे खांदे वर उचलले जाताना तिला दिसत. त्याने नुसतं एक बोट वर, उताराकडे केलं.

वर त्याच्या थोरल्या, वारलेल्या भावाचं घर होतं. तिथे भावजय सत्यशीला एकटी राहायची. वाटणीच्या वेळी ओढ्याकाठची सपाट जमीन सहादूनेच हट्टाने मागून घेतली होती, पाणी हाताशी म्हणून. थोरल्याच्या वाट्याला खडकाळ उतार गेला. पुढे धुरावरून बोलाचाली झाली. ‘मला मारायलाच चूल पेटवती ती,’ असं सहादू चार माणसांत बोलला, आणि दोन्ही घरांनी अबोला धरला.

भारतीने पदर डोक्यावरून घट्ट ओढला.

“जाऊन सांगते तिला,” ती म्हणाली. “आज सांगतेच.”

दिवसभर ती लोकांच्या कांद्यात वाकली होती. चढताना भांडायचे शब्दसुद्धा जुळवता येईनात. पाय नुसते पुढे पडत होते. अर्ध्या चढावर गुडघ्यांखाली गारठा होता, पण तोंडाला ऊब लागली. आणखी थोडं वर गेल्यावर अंगावरचा काटाही गेला. तिने वळून पाहिलं. तिचं घर, वालाचं वावर, ओढा, सगळं करड्या धुरात बुडालं होतं.

सत्यशीला उंबऱ्याच्या आत बसून जेवत होती. ताटात भाकरी आणि मिरचीचा ठेचा.

“आक्का, चूल इझवा,” भारती बाहेरूनच म्हणाली. “त्यांचा जीव वरखाली हुतोय.”

सत्यशीलाने हातातला घास ताटात ठेवला. तिच्याकडे पाहिलं आणि बाजूला सरकून वाट दिली.

भारती चुलीपाशी गेली. राखेत हात घातला. राख गार होती. तव्यालाही ऊब नव्हती.

“दुपारीच रांधते मी,” सत्यशीला म्हणाली. “तवा धूर वर जातो. दिस कलला का खाली उतारतो. सांजची चूल दिवाळीपास्नं पेटवलीच न्हाई.”

“मग ह्यो धूर?”

“वर सड्यावर, माथ्याच्या सपाटीला, तंबू लागल्यात न्हव का. धरण बघाया मान्सं येत्यात, शेकोट्या करत्यात. त्यो धूर गारठ्यासंगं ओहळीनं थेट तुमच्याकडं जातो. हितं उंचवट्याला न्हाई लागत.”

भारती तिथेच बसली. भांडायला म्हणून जे बळ गोळा केलं होतं, तेही गेलं.

“सांगितलं का न्हाई मंग?”

“बोलनं हुतं का आपलं?”

भारतीने राखेचा हात पदराला पुसला. मग सत्यशीलाने अर्धी भाकरी मोडून जावेपुढे केली.

“भाऊजींना हितं आन,” ती म्हणाली. “थंडी सरंस्तोवर तुमी दोघंबी ऱ्हावा.”

दुसऱ्या दिवशी, उन्हं अंगणात आल्यावर भारतीने धूर कुठला ते सांगितलं आणि वर राहायला जायचा विषय काढला. सहादूने तोंड भिंतीकडे केलं.

“मी बोललो ते तिनं ऐकलंय,” तो म्हणाला.

“ऐकलंय तर.”

“मग?”

“मग काय? चला. वाद घालाया त्राण न्हाई आता माझ्यात.”

त्याने पायांवरचं पांघरूण बाजूला सारलं. मग भिंतीचा आधार घेत उठला.

चढ मोठा नव्हता, पण त्याला तो संपेना. दर थोड्या अंतरावर तो दगडावर बसे, श्वास गोळा करी. वरून सत्यशीला उतरून आली. तिने त्याचा दुसरा दंड धरला. सहादूची नजर स्वतःच्या पावलांवरून हलली नाही. घराजवळ आल्यावर मात्र तो थांबला.

“वहिनी...” एवढंच बोलला आणि पुढचं त्याच्याच्यानं होईना.

“बोलू नका,” सत्यशीला म्हणाली. “दम लागंल.”

सांज झाली. खालचं घर दिसेनासं झालं. इथे सहादू एका कुशीवर पडला होता. छातीतली घरघर होतीच, पण खांदे तेवढे उचलले जात नव्हते. सत्यशीला ताटं घेत होती. भारती म्हणाली, “जरा टेकते,” आणि कणगीशेजारी भुईवरच आडवी झाली. जेवायला उठायचं होतं. उठवलं गेलं नाही, की उठवूनही ती उठली नाही, हे तिला कळलं नाही.

झोपेतच कुणीतरी तिच्या अंगावर वाकळ घातली, पायांशी नीट खोचली. ती कुणी घातली हे बघायलाही तिने डोळे उघडले नाहीत.