शंभर कड्या आणि चार बोटं

चार बोटं. सायकलींसाठी घातलेला पत्र्याचा मांडव. कोबीच्या वाफ्यात पावलं मोजत चालणारी एक बाई. तेलाची चिंधी. 'अपात्र' हा शब्द, निळ्या शाईत.

मित्रांनो, या गोष्टींचं एकमेकींशी काही नातं असेल असं तुम्हाला वाटणार नाही. मलाही पुष्कळ वर्षं वाटलं नव्हतं.

मी एक जुनी साखळी आहे. जमीन मोजायची. शंभर कड्या, दोन्ही टोकांना पितळी मुठी, लांबी वीस मीटर. कारखान्यात माझी कडी न् कडी हाताने जुळवली आणि मला शेती अनुदानाच्या कचेरीत धाडलं. तिथला नियम सोपा होता. कसलेली जमीन एक हेक्टर भरली तर दरवर्षी अनुदान. कमी भरली तर काही नाही. भरते की नाही, ते मी सांगायचं.

कचेरीच्या अंगणात बरोबर वीस मीटरवर दोन लोखंडी खुंट्या ठोकलेल्या होत्या. हंगामाआधी मला त्यांच्यामध्ये ताणून बघायचं, अशी रीत. कारण ओढाताणीत कडीला कडी झिजते, आणि झिजलेली साखळी आखूड होत नाही, मित्रांनो, लांब होते. लांब साखळीने मोजलं की शेत लहान भरतं.

मग सायकली उन्हात तापतात म्हणून मांडव घातला. एक खुंटी त्याच्या फरशीखाली गेली. मला वापरणारा मोजणीदार म्हणाला, यंदा राहू दे. पुढच्या वर्षी तेवढंही म्हणाला नाही. मला मात्र तो दर शनिवारी तेल लावून पुसायचा. मी चकाकायची. लोक म्हणत, साखळी कशी कालच आणल्यासारखी आहे. मी फुशारून जायची.

नऊ वर्षांनी आम्ही कोबीवाल्या मावशीच्या शेतात फेरमोजणीला गेलो. शेत हेक्टराला जेमतेम पुरणारं. विहिरीवरच्या इंजिनाने मान टाकली होती. त्या वर्षीच्या अनुदानातून नवं घ्यायचं तिने ठरवलं होतं.

दोन खोल्यांएवढी जागा कमी भरली.

मावशी हसलीच. "भाऊ, शेत काय सदरा आहे, धुतल्यावर आटायला?"

त्याने पुन्हा मोजलं. तितकंच. मावशी म्हणाली, मी पावलांनी मोजलंय, पुरतंय. मोजणीदाराचा चेहरा उतरला. पण आकडा इकडचा तिकडे करणं त्याला जन्मात जमलं नव्हतं.

"मावशी, एक वेळ मी चुकेन. साखळी चुकत नाही."

आणि त्याने मावशीच्या कागदावर निळ्या शाईत 'अपात्र' लिहिलं. मित्रांनो, त्या क्षणी मला अभिमान वाटला.

इंजिन आलं नाही. वाफे करपले. दुसऱ्या वर्षी मावशीने शेत शेजाऱ्याला विकलं आणि ती लेकीकडे राहायला गेली.

मांडव मोडकळीला आला म्हणून काढला, तेव्हा मोजणीदाराच्या निवृत्तीला पंधरा दिवस उरले होते. खुंटी दिसली. त्याने सहज मला ताणलं. माझी मूठ खुंटीच्या पलीकडे गेली. त्याने मधल्या जागेत बोटं ठेवली. काढली. पुन्हा ठेवली. चार.

त्याने अर्ज लिहिला: चूक माझी, मोजणी पुन्हा व्हावी. उत्तर आलं की जमीन आता त्या बाईंच्या नावावर नाही. मग तो मला पिशवीत घालून मावशीच्या लेकीच्या घरी गेला आणि सगळं सांगितलं. मावशी भाजी निवडत होती. तिने भाजी बाजूला सारली.

"तुम्ही दोनदा मोजलंत, भाऊ," ती म्हणाली. "मला वाटलं, माझीच पावलं म्हातारी झाली."

आता मी कचेरीच्या माळ्यावर असते. मला कुणी तेल लावत नाही, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. मित्रांनो, वस्तूची चमक म्हणजे तिची निगा नव्हे. जिच्या शब्दावर कुणाचं घर चालतं, तिला दरवर्षी तपासून बघा. ती कितीही गुणी असली तरी. गुणी असली तर आधी.

मी नवी असताना मावशीच्या शेताची पहिली मोजणी झाली आणि ते पुरं हेक्टर भरलं, तेव्हा माझं दुसरं टोक तिनेच धरलं होतं.