थैलीतल्या बिया

वेर्लनने अंगणातल्या टेबलावर टर्की आपटली.

"पहाटेपासून डोंगर तुडवला, ओपल! काय बेरकी नर होता, घाम फोडला मला. दाढी तेवढी मी घेतो, बाकीचं तू बघ."

नराच्या छातीवरची ती केसांची जुडी कापून गोठ्याच्या दारावर ठोकायला तो गेला. आमच्या ओझार्कच्या डोंगराळ मुलखात हे असंच चालतं. मिरवायचं ते पुरुषांचं, पिसं आणि आतडी बायकांची.

साफ करताना गळ्याखालची थैली मी नेहमी फाडून बघते. पाखराने काय खाल्लं ते तिथे कळतं. डोंगरावरच्या टर्कीत ओकची फळं नाहीतर किडे निघतात. हिच्यात सूर्यफुलाच्या बिया निघाल्या. दुकानातून आणून हिवाळाभर मी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली टाकत होते, त्याच. डाव्या पायाचं एक बोट तुटलेला एक नर त्या खायला यायचा, माझी चाहूल लागली तरी न पळणारा.

मी पाय उचलून पाहिला. डाव्या पायाला एक बोट नव्हतं.

जेवताना वेर्लन म्हणाला, "मस्त झालंय! तू का घेत नाहीस?"

"हिवाळाभर याला मीच जेवायला घातलं," मी म्हटलं. "आता तुला घालते. खा, डोंगर तुडवून दमला असशील."